साखळी मीच बसवली

प्रिय चिमणे,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी घाबरशील आणि मग म्हणशील, बाबांना झालंय तरी काय, दर रविवारी फोन होतो तरी हे कागद काळे करत बसलेत. घाबरू नकोस. आम्ही दोघंही हातीपायी धड आहोत. पण गेले तीन महिने फोनवर मी तुला जे सांगत होतो त्यात खरं फार थोडं होतं, आणि खरं सांगायला गेलो की तोंडून भलतंच निघतं. गेल्या रविवारी मी मनाची तयारी करून बसलो होतो. तू विचारलंस, आई कुठाय, आणि माझ्या तोंडून पुन्हा तेच गेलं, अंघोळीला गेलीय. तू हसलीस, म्हणालीस, अहो बाबा, आई आजकाल दिवसाला किती अंघोळी करते? फोन ठेवल्यावर मला माझीच लाज वाटली. पत्रात निदान थांबत थांबत लिहिता येतं. हे पत्र मी तीन दिवस लिहितोय.

सगळं त्या दुसऱ्या घरापासून सुरू झालं, म्हणून तिथूनच सांगतो. ते घर घ्यायचं ठरलं तेव्हा तू आमच्यावर वैतागली होतीस, आठवतं ना? म्हणाली होतीस, चौतीस वर्षं लोकांच्या जिन्यांत वाकून वाकून विजेचे मीटर वाचलेत, आता निवृत्त झालात तर समुद्र बघा, डोंगर बघा, घरं कसली घेताय म्हातारपणी. मला तुझं पटलं होतं गं. पण तुझ्या आईचं म्हणणं वेगळं होतं. ती म्हणाली, पैसे बँकेत राहिले तर तुम्ही ते तुमच्या भावांना उसने देऊन संपवाल, घर काही कुणाला उसनं देता येत नाही. आणि मग जरा वेळाने, सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, अकरा वर्षं आपण भाड्याने राहिलो, मला एकदा तरी चावी देणाऱ्या बाजूला उभं राहायचंय. झालं. त्यानंतर समुद्राचं नाव कुणी काढलं नाही.

दलालाने आम्हाला सात घरं दाखवली आणि तुझ्या आईने सातही नापास केली. एकाला मोरी अंधारी, एकाच्या ओट्यापाशी उभं राहिलं की शेजारणीच्या ताटात काय आहे ते दिसतं, एकात म्हणे आवाज घुमतो. दलाल रडकुंडीला आला होता. आठवं घर म्हणजे नुसता सांगाडा. भिंतींना ओल, पोपडे सुटलेले, न्हाणीघराचं दार बिजागरीतून निखळलेलं, आणि वायरिंग असलं की मीटर बघूनच मी मनात म्हटलं, इथून आधी बाहेर पडा. पण तुझी आई सरळ स्वयंपाकघरात गेली. तिथे खिडकी होती, खिडकीला बसायला रुंद कट्टा होता. ती त्या कट्ट्यावर बसली ती उठेचना. दलालाने मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाला, काका, झालं तुमचं काम.

तुला आमच्या पहिल्या खोलीची गोष्ट शंभर वेळा ऐकवलीय. तुझा जन्म व्हायच्या आधीची ती मागच्या बाजूची खोली, तिचा हिरवा दरवाजा, खिडकीतला कट्टा, आणि तो घरमालक. वेळ नाही, काळ नाही, कधीही दार ढकलून आत. नळ गळतोय का बघायला आलो, म्हणायचा, आणि भांड्यांवरची झाकणं उचलून बघायचा. मी दिवसभर कामावर. नवी नवरी घरात एकटी. शेवटी तुझी आई एक दिवस बाजारातून दाराची साखळी घेऊन आली आणि म्हणाली, ही आजच्या आज लावा. मी लावली. त्या दिवसापासून मालक आला की ती चार बोटं दार उघडायची आणि फटीतून सांगायची, हे घरी नाहीत, संध्याकाळी या. मालक चरफडत जायचा. आणि संध्याकाळी मी घरी आलो की दारावर थाप मारून ओरडायचो, मीटर! मग आतून हसू यायचं आणि साखळी निघायची. लहानपणी तू मला ही गोष्ट सांगायला लावायचीस आणि ‘मीटर’ तूच ओरडायचीस.

तर आठवं घर आम्ही घेतलं. घर पाहावं बांधून म्हणतात, पण जुनं घर दुरुस्त करून पाहिल्याशिवाय माणसाला आपला स्वभाव कळत नाही, असं माझं मत झालंय. प्लंबर रोज उद्या यायचा. गिलाव्याच्या माणसाने एक भिंत केली आणि त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं, ते लग्न तीन आठवडे चाललं. फरशीवाल्याने मोरीचा उतार उलटा दिला, पाणी सगळं स्वयंपाकघरात. वायरिंग मी स्वतः माणूस उभा करून पुन्हा करून घेतलं, तिथे मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. पाच महिने तुझी आई डोक्याला रुमाल बांधून धुळीत उभी. इतकी खूश मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. आणि इथेच माझं चुकलं, चिमणे. तिला खूश बघून मला चेव आला. मी म्हटलं, तुला ती आपली खोली आवडायची ना, मग हे तस्संच करू. दरवाजाला तोच हिरवा रंग. रंगारी म्हणाला, काका, असला हिरवा आता सरकारी कपाटालासुद्धा लावत नाहीत. मी त्याच्याकडून तीनदा डबा ढवळून घेतला, तेव्हा तो रंग जमला. ओट्यावरची फळी तेवढ्याच उंचीची. आरसा तिथेच, दाराच्या डावीकडे. माझी आठवण कधी नव्हे ती इतकी धडधाकट कशी होती कोण जाणे, खुंटीची जागासुद्धा मी चुकलो नाही.

काम संपलं त्या दिवशी मी तिला डोळे मिटायला लावून आत नेलं. साठी उलटलेली माणसं आम्ही, पण केलं असं. तिने डोळे उघडले, भोवती पाहिलं, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाली, अहो, आपण इथे परत कधी आलो? मी खो खो हसलो. मला वाटलं, चेष्टा करतेय. ती पण हसली, माझ्याकडे बघून. आता मी तेच हसू पुन्हा पुन्हा आठवतो आणि मला कळत नाही की ती माझ्याबरोबर हसत होती की मी हसलो म्हणून हसली.

भाडेकरू शोधायची वेळ आली तेव्हा तिने नियम घातले. नियम भाडेकरूला नव्हते, आम्हाला होते. चावी दिल्यावर बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. अचानक जायचं नाही. आणि दाराला साखळी पाहिजेच. म्हणाली, दारात मालक उभा असला तरी उघडायचं की नाही ते आतल्या बाईने ठरवलं पाहिजे. मी दुकानातून चांगली जाड पितळी साखळी आणली आणि लांब स्क्रू वापरून चौकटीत अशी घट्ट बसवली की दार तुटेल पण साखळी निघणार नाही. तिने दोनदा ओढून बघितली आणि मला पास केलं.

पाच जण बघायला आले. एकाने विचारलं गाडी कुठे लावायची, एकाने विचारलं भाड्यात किती कमी कराल. पाचवी आली ती नर्सबाई, एकटीच, ड्यूटीवरून, पायात ते पांढरे बूट, आणि पहिलाच प्रश्न विचारला, दाराला आतून साखळी आहे ना? तुझ्या आईने जागच्या जागी तिच्या हातात चावी ठेवली. मी कराराचे कागद काढतोय तोवर दोघी ओट्यापाशी उभ्या राहून गप्पा मारतायत! मी म्हटलं, अगं, निदान सही तर होऊ दे. म्हणाली, तुम्ही करा सह्या, आमचं ठरलंय. दोन वर्षं छान गेली. भाडं वेळेवर, घर लख्ख, आणि आम्ही एकदाही न बोलावता गेलो नाही. इतके शहाणे मालक अख्ख्या गावात नसतील, असं मी ऐटीत सांगायचो.

आईचं विसरणं तुला माहीत आहे, तू मागे आलीस तेव्हा तिने दोनदा मीठ घातलं होतं आणि आपण हसलो होतो. नंतर ते हसण्यासारखं राहिलं नाही. तुला सांगितलं नाही, कारण तू तिकडे काय करणार होतीस? शिवणाचं मशीन बंद पडलं आधी. बाहीला बाही जुळेना, मग म्हणाली, डोळे कमजोर झालेत. मग एक दिवस मी दुपारी उठलो तर ती घरात नाही. सगळीकडे शोधलं. दोन तासांनी नर्सबाईचा फोन, काका, काकू इकडे आल्यात, काळजी करू नका. त्या घराची एक जादा चावी तुझ्या आईच्या पर्समध्ये राहिली होती. ती कुलूप उघडून सरळ आत गेली होती, कट्ट्यावर बसली होती आणि नर्सबाई आल्यावर तिलाच म्हणाली, आलीस? बस, चहा टाकते. नियम तिनेच केला होता, न बोलावता जायचं नाही. मी शरमेने अर्धा झालो, माफी मागितली. नर्सबाई म्हणाली, काका, माफी कसली, मी रोज अशी माणसं बघते.

त्यानंतर रोजचंच झालं ते. आपल्या घरात, ज्या घरात तू लहानाची मोठी झालीस, तिथे ती दुपारी दोन वाजता पिशवी भरते. दोन पातळं, कंगवा, सुई-दोऱ्याचा डबा. खुर्चीच्या अगदी कडेवर बसते, पाहुणी बसते तशी, आणि मला म्हणते, बराच वेळ बसले, आता निघायला हवं, हे यायची वेळ झाली. मी म्हणतो, अगं, मीच तो. ती माझ्याकडे इतक्या संकोचाने बघते की मलाच वाटतं आपण काहीतरी अचकट-विचकट बोललो. एकदा विचारलं, तुमच्या मिसेस दिसत नाहीत कुठे? तुझा पदवीचा फोटो आहे ना भिंतीवर, त्याकडे बघून म्हणाली, गोड आहे हो तुमची मुलगी. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभा राहिलो. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. म्हणाले, हे मागे फिरणार नाही, वाद घालू नका, जिथे त्या शांत असतात तिथे राहू द्या. सोपं आहे त्यांना सांगायला. ती शांत असते ती फक्त त्या घरात, जे मी माझ्या हातांनी तिच्या आठवणीसारखं करून दिलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

नर्सबाईने आधी तिला दुपारी तीन ते सात येऊ दिलं, तिची ड्यूटी सकाळची असते म्हणून. सातला तीच हाताला धरून खाली आणायची. मग आई खाली यायला तयार होईना. रडायची, कठडा धरून बसायची. एकदा जिन्यात ओरडली, मला कुठे नेताय, माझं घर वर आहे. अख्खी इमारत बाहेर आली. नर्सबाई म्हणाली, काका, राहू द्या आजची रात्र. ती रात्र संपली नाही अजून, महिना होत आला. तुझी आई आता तिथेच राहते. नर्सबाईला ती आपली जोडीदारीण समजते, अर्धी खोली तिची, अर्धी आपली. दोघी मिळून भाजी निवडतात. आई तिथे जायला लागल्यापासून भाडं मी अर्थातच घेत नाही, पण नर्सबाई दर महिन्याला विचारते आणि मी दर महिन्याला नाही म्हणतो.

आणि आता ते सांगतो जे मला फोनवर सांगता येत नव्हतं. नर्सबाई सकाळी सातला जाते, तीनला येते. तोवर आई एकटी असते. नर्सबाई गॅसचा नळ बंद करून जाते, औषधं कपाटात ठेवते. आणि ती गेली की तुझी आई दाराला साखळी लावते. मी बाहेर असतो, चिमणे. जिन्यात एक स्टूल ठेवलंय. पहिल्या दिवशी मी बेल वाजवली. दार चार बोटं उघडलं. फटीतून तिचा एक डोळा दिसला आणि अर्धी कुंकवाची टिकली. मी म्हटलं, मी आहे गं. ती अगदी नम्रपणे म्हणाली, मालक, हे घरी नाहीत, संध्याकाळी या. आणि दार लावलं.

मी ती पायरी उतरलो नाही, तिथेच बसून राहिलो. चौतीस वर्षं लोकांच्या दारांबाहेर उभा राहिलो, कुणी आत या म्हटलं नाही तरी त्याचं कधी वाईट वाटलं नाही, ते कामच तसं होतं. पण आपल्याच बायकोच्या दाराबाहेर मालक म्हणून उभं राहावं लागेल, असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी तिच्या सोबतीला कामाच्या बायाही आणून पाहिल्या. दोघी आल्या, चांगल्या होत्या. दोघींनाही तिने फटीतूनच सांगितलं, मला मोलकरीण परवडत नाही, माझं मी करते. मग एकदा मला वाटलं, आपण संध्याकाळी यावं, तिनेच सांगितलंय ना संध्याकाळी या. नर्सबाई त्या दिवशी उशिरा येणार होती. साडेसहाला मी दाढी केली, जुना निळा सदरा घातला, जिना चढलो आणि दारावर थाप मारून जुन्या आवाजात ओरडलो, मीटर! आतून पावलं धावत आली. खरंच धावत आली गं, तिचे गुडघे दुखतात ना, तरी. साखळी निघाल्याचा आवाज आला. दार उघडलं आणि ती हसत होती, तेच जुनं हसू, सगळ्या तोंडभर. मग तिने माझ्याकडे पाहिलं. हे पांढरे केस, ही गळ्याची लोंबलेली कातडी. हसू जागच्या जागी गेलं. म्हणाली, मला वाटलं हे आले. आणि पुन्हा साखळी. त्यानंतर मी ‘मीटर’ म्हटलेलं नाही. जे तिच्या ‘ह्यां’चं आहे ते मी वापरू नये.

नर्सबाईनेच सुचवलं, काका, साखळी काढून टाका, त्या पडल्याबिडल्या तर आत जाणार कसे? पटण्यासारखं होतं. गेल्या मंगळवारी नर्सबाई घरात होती, आई अंघोळीला गेली होती, खरोखरची अंघोळ, आणि मी स्क्रूड्रायव्हर घेऊन उंबऱ्याबाहेर गुडघ्यावर बसलो. चार स्क्रू. मीच बसवलेले, लांबच्या लांब, जाम झालेले. दोन काढले. तिसऱ्याला हात घातला तर आतून ओल्या केसांनी ती येऊन उभी. मला वाटलं ओरडेल. ती ओरडली नाही. तिने हात जोडले, चिमणे. मला हात जोडले आणि म्हणाली, मालक, पाया पडते, ती काढू नका, हे दिवसभर नसतात, मी एकटी असते, सातवा महिना लागलाय. माझ्या हातातून स्क्रू पडला. तो घरंगळत जिन्यात गेला, मी खाली उतरून शोधून आणला आणि चारही स्क्रू पुन्हा घट्ट बसवले. हाताला फोड येईपर्यंत पिळले. तिने दोनदा ओढून बघितलं आणि म्हणाली, उपकार झाले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झालीय. तिचं रक्षण करायला साखळी काढायची, तर तिला ज्याची भीती वाटते तो मीच.

सातवा महिना, हे तू वाचलंस ना? ती तू आहेस. कट्ट्यावर बसून ती टोपडी शिवते. टाके वेडेवाकडे पडतात, नर्सबाई रात्री उसवून सरळ करते आणि तिला कळू देत नाही. तिने नर्सबाईला सांगितलंय की मुलगी व्हावी, ह्यांना मुलगा हवा असेल पण मला मुलगी हवी, आणि मी तिला चिमणी म्हणणार. नर्सबाईने मला हे जिन्यात सांगितलं तेव्हा ती स्वतःच रडली. मला खरं तर मुलगीच हवी होती. मी ते तेव्हा बोललो नाही वाटतं. आता सांगायला गेलो तर मालकाला कशाला पंचायत, असं होईल. पण एका परीने बघ, तिच्या लेखी आपण दोघंही हरवलेलो नाही. तू पोटात आहेस आणि मी कामावर गेलोय, संध्याकाळी येणार आहे. तिला कसली उणीव नाही. उणीव सगळी जिन्यात बसलीय.

समोरच्या दारातल्या बाई अकरा वाजता मला चहा देतात. वर्तमानपत्र देतात. मी फटीखालून तिच्या पायांची सावली बघतो, कुठे चालली, कुठे थांबली. भांडं पडलं की मी स्टुलावरून उठून दाराला कान लावतो. मग नळ सुरू झाला की बरं वाटतं. एवढंच माझं काम आता, मीटरसारखंच, काय चाललंय ते बाहेरून बघून घ्यायचं.

आता पत्र का लिहिलं ते. नर्सबाई अठ्ठावीस तारखेला घर सोडतेय. तिच्या गावच्या दवाखान्यात तिला जागा मिळालीय आणि तिची म्हातारी तिथे एकटी आहे. तिने तीन वेळा माझी क्षमा मागितली. मी म्हटलं, बाई, तुला थांब म्हणायला माझी जीभ रेटणार नाही, तुलाही आई आहे. पण ती गेल्यावर तुझ्या आईने आत कुणाला घ्यायचं? मला घेत नाही, कामाच्या बाईला घेत नाही. नर्सबाईने तिला हळूहळू पटवलंय की मी चाललेय, पण माझ्या जागी एक चांगली मुलगी राहायला येईल, एकटी आहे, स्वभावाने गरीब आहे. आई म्हणाली, तिला साखळीचं सांगून ठेव. चिमणे, तुझी नोकरी आहे, तुझा संसार आहे, तू मागे आलीस तेव्हा रजा कशी मिळवली होतीस ते मला ठाऊक आहे. मी तुला आईला भेटायला ये म्हणत नाहीये, कारण तू आलीस तर ती तुला ओळखणार नाही, तुझा अजून जन्म व्हायचाय. मी तुला भाडेकरू म्हणून ये म्हणतोय. महिनाभर ये. पुढचं मला काही सुचत नाही, खोटं कशाला बोलू. अठ्ठावीसच्या आधी आलीस तर नर्सबाई स्वतः ओळख करून देईल. सामान थोडंच आण, नव्या भाडेकरणीकडे असतं तेवढं. तिला आई म्हणू नकोस, ती दचकेल. ताई म्हण. ती टोपडं दाखवेल, तेव्हा छान झालंय म्हण आणि रडू आलं तर कट्ट्याकडे पाठ कर, डोळ्यांवर पाणी मारायला ओट्याचा नळ जवळ आहे, आता गळत नाही. दुसरा मजला, डावीकडचं हिरवं दार. मी स्टुलावर असेन, पण आत जाईपर्यंत माझ्याशी बोलू नकोस, मालकाच्या ओळखीची आहेस असं तिला वाटलं तर ती दार उघडणार नाही.

दाराबाहेर असलेला, पण तुझाच,
बाबा